प्लाझ्माला चुंबकांचा बांध

बारामती तालुक्यातले कोऱ्हाळे बुद्रुक घ्या किंवा नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले दुसरे एखादे गाव घ्या. उसाच्या रानाकडेला, विहिरीजवळ उभे केलेले सौरपंपाचे पॅनेल आता कुणाला नवलाचे वाटत नाही. त्याच्या घटांचा रंग निळसर असतो. विद्यार्थ्यांना विचारले तर ‘सिलिकॉन निळे असते’ असे उत्तर हमखास येते. प्रत्यक्षात घासूनपुसून गुळगुळीत केलेले सिलिकॉन करडे, धातूसारखे चकाकणारे असते. निळा रंग त्याच्यावर चढवलेल्या सिलिकॉन नायट्राइडच्या थराचा. या थराची जाडी असते साधारण ७५ नॅनोमीटर. माणसाचा केस ७५ मायक्रोमीटर जाड धरला, तर त्याचा हजारावा भाग.

एवढ्याशा थराची गरज काय? उघडे गुळगुळीत सिलिकॉन त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे एक तृतीयांश परत फेकते. परत गेलेल्या प्रकाशाची वीज होत नाही. थर दिला की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. बारावीच्या पुस्तकातलेच गणित आहे हे : थराची जाडी गुणिले अपवर्तनांक गुणिले चार म्हणजे ज्या तरंगलांबीचे परावर्तन सर्वांत कमी होते ती तरंगलांबी. सिलिकॉन नायट्राइडचा अपवर्तनांक सुमारे २. म्हणजे ७५ × २ × ४ = ६०० नॅनोमीटर. नारिंगी-तांबडा प्रकाश आत घेतला जातो, थोडा निळा परत येतो, आणि तोच आपल्याला दिसतो. आता थर दहा टक्क्यांनी जाड झाला तर हा आकडा ६६० वर जाईल, दहा टक्क्यांनी पातळ झाला तर ५४० वर येईल. घटाचा रंग बदलेल आणि वीजही थोडी घटेल. घटाचा मध्य निळा आणि कडा जांभळट दिसत असतील, तर जाडी सर्वत्र सारखी नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळते.

हा थर ब्रशाने देता येत नाही, बुडवूनही नाही. सिलेन आणि अमोनिया हे वायू जवळजवळ निर्वात पेटीत सोडतात आणि त्यांत विजेने प्लाझ्मा पेटवतात. प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन रेणू फोडतात आणि तुकडे पृष्ठभागावर बसत जातात. एक घट वीतभर रुंदीचा असला तरी कारखान्याला एकेक घट करणे परवडत नाही. एका वेळी कित्येक घट शेजारी शेजारी मांडतात. म्हणजे मीटरभर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर, काही टक्क्यांच्या आत, सारखी जाडी हवी. दूरचित्रवाणीच्या पडद्यांसाठी आज २९४० मिलिमीटर बाय ३३७० मिलिमीटर मापाच्या काचा वापरतात. एका खोलीच्या जमिनीएवढी काच, आणि तिच्यावर सगळीकडे सारखा थर! संगणकाच्या चिपांसाठी वापरायची चकती ३०० मिलिमीटर व्यासाची. ती लहान असली तरी तिथे सारखेपणाची अट याहूनही कडक.

तेव्हा प्रश्न असा : मोठ्या क्षेत्रावर सारखा प्लाझ्मा कसा धरायचा?

बांध नसलेले रान

प्लाझ्माला मराठीत आयनद्रायू असाही शब्द आहे. ‘प्लाझ्मा’ हे नाव अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९२८ साली दिले. इथे आपल्याला सूर्यातला तप्त प्लाझ्मा नको आहे. आपला प्लाझ्मा ट्यूबलाइटच्या नात्यातला. पेटीतल्या वायूचा दाब ०.१ पास्कल धरू, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाचा दहा लाखावा भाग. अशा आरगॉन वायूत दोन-अडीच हजार अणूंमागे एखादाच अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन झालेला असतो. इलेक्ट्रॉनांचे तापमान मात्र २०-३० हजार अंश. तरीही पेटी वितळत नाही, कारण हे इलेक्ट्रॉन फार थोडे आणि फार हलके आहेत. आयन आणि उरलेला वायू जवळजवळ खोलीच्याच तापमानाला असतात. म्हणूनच प्लास्टिकसारख्या नाजूक वस्तूवरही या प्लाझ्माने प्रक्रिया करता येते.

प्लाझ्मा पेटीभर तयार होत राहतो आणि भिंतींवर नष्ट होत राहतो. भिंतीला लागलेला इलेक्ट्रॉन आणि भिंतीला लागलेला आयन तिथे एकत्र येतात आणि पुन्हा साधा अणू होतो. इलेक्ट्रॉन सेकंदाला हजार किलोमीटरच्या वेगाने धावतात, आरगॉनचे आयन भिंतीजवळ सेकंदाला सुमारे पावणेतीन किलोमीटरने. अर्ध्या मीटरच्या पेटीतला प्लाझ्मा त्यामुळे सेकंदाच्या काही दशहजारांशात भिंतींवर जाऊन संपतो. तो टिकतो तो केवळ सतत नवा तयार होत असल्यामुळे.

हे चित्र डोळ्यांपुढे आणायला चारही बाजूंनी उघडे, बांध नसलेले सपाट रान घ्या. त्याच्यावर सगळीकडे सारखा पाऊस पडतो आहे. पाणी चारी कडांनी वाहून जाते. पाऊस सुरू असताना पाण्याची पातळी कशी असेल? मध्यावर सर्वांत जास्त आणि कडांकडे उतरत गेलेली. पाऊस सारखा असूनही पाणी सारखे नाही. आता कुणी म्हणेल, पाऊस वाढवा. पाऊस वाढला की पाणी सगळीकडेच वाढेल, पण पातळीचा घुमट तसाच राहील. प्लाझ्माचे नेमके असेच आहे. विजेची शक्ती दुप्पट केली तर घनता जवळपास दुप्पट होते, पण तिच्या आकारात फरक पडत नाही. आमच्याकडे प्रकल्पासाठी येणारे विद्यार्थी पहिल्या महिन्यात शक्तीचे बटण फिरवून सारखेपणा मिळवायचा प्रयत्न करतात. तो मिळत नाही. दोष कडेला आहे, उपायही कडेलाच करावा लागतो.

या घुमटाचा आकार गणिताने काढता येतो. कणांच्या टकरी वारंवार होत असतील तर दोन समोरासमोरच्या भिंतींमधली घनता कोसाइनच्या नियमाने उतरते. मध्यावर कोन शून्य, भिंतीवर ९० अंश. मध्य आणि भिंत यांच्या बरोबर अर्ध्या वाटेवर ४५ अंश, म्हणजे घनता मध्याच्या ७१ टक्के. आपल्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालणार नसेल तर कोसाइन ०.९५ होतो तो कोन पाहा : सुमारे १८ अंश. नव्वदापैकी अठरा, म्हणजे एक पंचमांश. एक मीटर रुंदीच्या पेटीत मधली २० सेंटिमीटरची पट्टीच कामाची, बाकी सगळी पेटी वाया! उलट एक मीटरच्या काचेसाठी पाच मीटरची पेटी बांधावी लागेल. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पाचपट केल्या तर आकारमान १२५ पट. तेवढा निर्वात करणारे पंप, तेवढा वायू, तेवढी वीज. वायू अगदी विरळ केला तर हा घुमट थोडा चपटा होतो, पण कडेजवळ घनता मध्याच्या निम्म्यावर येतेच. (कोसाइनची सारणी हाताशी असेल तर वर्गात दहा टक्के आणि दोन टक्के फरकासाठीही हे गणित करून घ्यावे. अट कडक झाली की कामाची पट्टी किती झपाट्याने आकसते ते मुलांना लगेच दिसते.)

चुंबक कुठे ठेवायचे?

प्रभारित कण चुंबकीय क्षेत्रात सरळ जात नाही, बलरेषेभोवती गिरकी घेतो. चुंबकीय बल कणाला ढकलून वेग वाढवत नाही, फक्त वळवते. १००० गॉसच्या क्षेत्रात आपल्या इलेक्ट्रॉनाच्या गिरकीची त्रिज्या ०.०६ मिलिमीटर येते. आरगॉनचा थंड आयन जड असल्याने त्याची त्रिज्या दीड मिलिमीटरच्या पुढे जाते. इलेक्ट्रॉन बलरेषेला धरून मागेपुढे सरकू शकतो, पण ती ओलांडून आडवा जाऊ शकत नाही. मग सोपा विचार असा की पेटीभोवती तारेचे वेटोळे गुंडाळावे, सगळ्या पेटीत क्षेत्र भरून टाकावे, म्हणजे इलेक्ट्रॉन भिंतीपर्यंत पोचणारच नाहीत.

हा सोपा विचार कामाचा नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या रेषेला बांधला जातो. जिथे प्लाझ्मा जास्त तयार झाला तिथेच तो राहतो, शेजारच्या रिकाम्या भागात पसरत नाही. मधल्या भागातला असमानपणा पुसून टाकणारी मोकळी हालचालच आपण बंद केलेली असते. शिवाय क्षेत्र आणि विद्युत विभव यांच्या जोडीने इलेक्ट्रॉन एका बाजूला वाहू लागतात आणि प्लाझ्मा एकीकडे झुकतो. चिपांच्या चकतीवर तर आणखी एक संकट. पृष्ठभागावर कुठे इलेक्ट्रॉन जास्त आणि कुठे आयन जास्त पडले, तर चकतीतूनच प्रवाह वाहतो आणि ट्रान्झिस्टरमधला अतिपातळ विद्युतरोधक थर फाटतो.

म्हणजे भिंतीजवळ चुंबकीय क्षेत्र हवे आणि मध्ये मुळीच नको. शेतकरी रानभर माती उंच करत नाही, कडेला बांध घालतो. तसे क्षेत्र कसे मिळवायचे? पेटीच्या बाहेरून भिंतीला लागून चुंबकांच्या लांब पट्ट्या बसवायच्या. एका पट्टीचा उत्तर ध्रुव आत, शेजारच्या पट्टीचा दक्षिण ध्रुव आत, पुन्हा उत्तर, पुन्हा दक्षिण. एका ध्रुवातून निघालेल्या बलरेषा शेजारच्या ध्रुवात शिरतात, कमानी होतात, आणि आत खोलवर जातच नाहीत. दूरवरून पाहिले तर उत्तर आणि दक्षिण एकमेकांना खोडून टाकतात.

हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. फ्रिजवर चिकटवायची जाहिरातीची लवचीक रबरी पट्टी घ्या. तिच्या मागच्या बाजूला काही मिलिमीटर अंतराने उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे पट्टे असतात. तशा दोन पट्ट्यांच्या काळ्या बाजू एकमेकींवर ठेवून सरकवा. एका दिशेने त्या ठेचकाळत जातात, काटकोनातल्या दिशेने सुळकन सरकतात. ठेचांवरून ध्रुवांमधले अंतर मोजता येते. आता पट्टी आणि लोखंडी कपाट यांच्या मध्ये कागद घाला. एक, दोन, पाच, दहा. थोड्याच कागदांनंतर पट्टी गळून पडते. प्रयोगशाळेतला साधा पट्टीचुंबक मात्र आख्ख्या वहीतूनही टाचणी ओढतो. रबरी पट्टी पृष्ठभागाला लागून चांगली चिकटते, पण चार पावले नव्हे, चार मिलिमीटर गेले की तिचे अस्तित्वच संपते. आपल्याला पेटीच्या भिंतीला हाच गुण हवा आहे.

या घसरणीचा नियम घातांकी आहे. शेजारच्या दोन विरुद्ध ध्रुवांमधले अंतर ६ सेंटिमीटर असेल, तर भिंतीपासून दर ६ सेंटिमीटरला क्षेत्र सुमारे २३ पटींनी कमी होते (हा आकडा नैसर्गिक लॉगॅरिदमच्या पायाचा पायवा घात आहे). भिंतीवर १००० गॉस असेल तर ६ सेंटिमीटर आत ४३ गॉस, १२ सेंटिमीटरवर २ गॉसहून किंचित कमी आणि १८ सेंटिमीटरवर ०.०८ गॉस. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.४ गॉस आहे! म्हणजे वीतभर आत गेल्यावर चुंबकांचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहूनही दुबळे. एका गोल थाळ्याच्या काठाने सारखे बारा चुंबक उलटसुलट ध्रुव आत करून मांडले आणि मध्यावर होकायंत्र ठेवले, तर त्याची सुई मुकाट्याने उत्तरेकडे पाहत राहते. चुंबक एकसारखे नसतील तर थोडी चळते, एवढेच. एक चुंबक फिरवून उलटा केला की सुई लगेच बिघडते. हा प्रयोग जरूर करावा.

पेटीतला इलेक्ट्रॉन मध्ये मोकळा हिंडतो, भिंतीजवळ आला की कमानींत शिरतो, वळतो आणि परत आत येतो. इलेक्ट्रॉन रोखले की आयनही आपोआप रोखले जातात, कारण नुसते आयन बाहेर पडले तर आत ऋण प्रभार साचून त्यांना मागे ओढतो. क्षेत्र मध्ये क्षीण आणि सर्व बाजूंनी वाढत गेलेले, त्यामुळे प्लाझ्मा परातीत ठेवलेल्या गोटीसारखा मध्ये स्थिर बसतो.

दुसरा फायदा तितकाच मोठा. प्लाझ्मा पेटवण्यासाठी तापलेल्या टंगस्टनच्या तारेतून ६० व्होल्टने इलेक्ट्रॉन सोडले असे समजा. ०.१ पास्कल दाबाच्या आरगॉनमध्ये असा इलेक्ट्रॉन एक अणू फोडण्यापूर्वी सरासरी दीड मीटर प्रवास करतो. पेटी अर्ध्या मीटरची असेल तर काहीही न करता तो समोरच्या भिंतीवर आदळून वाया जातो. चुंबकी भिंत असली की तो चेंडूसारखा अनेकदा आपटून परततो आणि आपले काम करूनच संपतो. तेवढ्याच विजेत कित्येक पट दाट प्लाझ्मा मिळतो.

बांध मात्र पूर्ण बंद नाही. कमानी जिथे भिंतीला मिळतात, म्हणजे प्रत्येक चुंबकपट्टीच्या बरोबर समोर, बलरेषा भिंतीत शिरतात. त्या रेषेला धरून येणारा इलेक्ट्रॉन भिंतीपर्यंत पोचू शकतो. बांधाला खेकड्यांनी पाडलेल्या भोकांसारख्याच या फटी. नोआ हर्शकोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ही फट मोजली. इलेक्ट्रॉनाची आणि आयनाची त्रिज्या यांचा भूमितीय मध्य काढा आणि त्याला चाराने गुणा, साधारण तेवढी फटीची रुंदी. वरचे आकडे घातले तर ती सव्वा मिलिमीटर येते. दर ६० मिलिमीटरमागे सव्वा मिलिमीटर, म्हणजे भिंतीचा सुमारे दोन टक्के भागच गळका! प्रत्यक्षात वायूशी होणाऱ्या टकरींमुळे गळती याहून जास्त असते, पण घुमट सपाट करायला एवढे पुरते. भोकापाशी पाणी थोडे खचते, बाकी रान सपाट राहते.

दुसऱ्या कामासाठी केलेली पेटी

ही कल्पना पृष्ठभागांसाठी जन्मलेली नाही. १९५० च्या दशकात लॉस अलामोस इथे जेम्स टक यांनी अणुसंमीलनासाठी असेच चुंबकी कुंपण सुचवले होते. तिथे ते निरुपयोगी ठरले, कारण कोट्यवधी अंश तापमानाच्या प्लाझ्माला ही गळती परवडत नाही. आम्हाला हा इतिहास मुद्दाम सांगावासा वाटतो. एका ठिकाणी टाकून दिलेली युक्ती दुसऱ्या ठिकाणी नेमकी बसली, कारण तिथली गरज वेगळी होती. संमीलनाला प्लाझ्मा कोंडून ठेवायचा असतो, पृष्ठभागाच्या प्रक्रियेला तो फक्त सपाट हवा असतो.

१९७३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रुडॉल्फ लिम्पेखर आणि केनेथ मॅकेन्झी यांनी पेटीच्या सगळ्या भिंती छोट्या कायम चुंबकांनी मढवून मोठा, शांत आणि सारखा प्लाझ्मा मिळवला. त्यांना तो हवा होता प्लाझ्मातल्या लहरींच्या अभ्यासासाठी. (हे मॅकेन्झी म्हणजे १९४० साली ॲस्टटीन हे मूलद्रव्य शोधणाऱ्या तिघांपैकी एक.) पुढे हीच पेटी रुंद आयनझोतांचा उगम म्हणून वापरात आली. संमीलन यंत्रांत तिची वर्णी लागली, आणि १९९८ साली निघालेल्या ‘डीप स्पेस वन’ यानाच्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या आयन इंजिनातही चुंबकांची कडी याच तत्त्वावर बसवलेली होती. आयनझोताने आरसे घासणे, चकत्या कोरणे, पातळ थर देणे ही कामे त्यानंतरची.

आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुधा भोरसकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृष्ठभागांवरच्या प्रक्रियांसाठी सूक्ष्मलहरींच्या प्लाझ्मावर दीर्घकाळ काम केले. या प्रकारात चुंबकीय क्षेत्राचे काम निराळे असते. ८७५ गॉसच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन सेकंदाला २४५ कोटी गिरक्या घेतो. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची वारंवारताही तेवढीच. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तशी प्रत्येक गिरकीला लहर त्याला ढकलते. तापलेल्या तारेची गरजच उरत नाही, त्यामुळे ऑक्सिजनसारखा तार जाळणारा वायूही वापरता येतो. अडचण पुन्हा सारखेपणाचीच. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे पेटीहून लहान, तेव्हा पेटीत कुठे जोर जास्त, कुठे कमी. ओव्हनमधली बशी फिरती ठेवतात ती याच कारणाने. म्हणून प्लाझ्मा एका ठिकाणी तयार करून पुढच्या रुंद पेटीत पसरू द्यायचा आणि त्या पेटीच्या भिंतींना उलटसुलट चुंबक लावायचे, अशी जोडणी बऱ्याच प्रयोगशाळांत करतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने तर कायम चुंबकांऐवजी सहा विद्युतचुंबक लावलेली पेटी बनवली. २०१८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. प्रवाह कमीजास्त करून बांधाची उंची हवी तशी बदलता येते हा तिचा फायदा. कायम चुंबकांच्या पेटीत एकदा बसवले की बसवले.

जिथे बांधाचे चालत नाही

सगळ्या भिंती चुंबकांनी मढवल्या तरी एक बाजू उघडी ठेवावीच लागते : ज्या वस्तूवर थर द्यायचा ती जिथे ठेवली आहे ती बाजू. तिथे चुंबक ठेवले तर थरावरच त्यांचे पट्टे उमटतील. त्या बाजूने प्लाझ्मा जातो, आणि तो तिथे जावा हीच तर इच्छा आहे. मात्र वस्तू चुंबकांपासून दूर, क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राइतके उतरले आहे अशा जागी हवी. वरच्या हिशेबाने ध्रुवांमधल्या अंतराच्या तिप्पट तरी. अंतर कमी करावे, ध्रुव दाट बसवावेत, तर बांध अरुंद होतो, वापरायची जागा वाढते, पण फटींची संख्याही वाढते. या ओढाताणीतून प्रत्येक यंत्राला आपला मध्य शोधावा लागतो.

दाब वाढला की युक्तीचा जोर ओसरतो. वायू दाट झाला तर इलेक्ट्रॉन गिरकी पूर्ण होण्याआधीच अणूवर आपटतो आणि रेषा सोडून दुसरीकडे जातो. सौरघटांवर नायट्राइडचा थर देणारी नळीच्या आकाराची बरीच यंत्रे अशा जास्त दाबावर चालतात. तिथे चुंबकांऐवजी पत्र्यांमधले अंतर आणि वायूची वाहणी सांभाळून सारखेपणा राखतात. कमी दाबाच्या, सूक्ष्मलहरींवर चालणाऱ्या काही यंत्रांत मात्र लांब दांडीशेजारी चुंबक असतात. तिथे ट्रे पुढे सरकत राहतो, त्यामुळे एका दिशेचा असमानपणा आपोआप पुसला जातो आणि आडव्या दिशेचाच प्रश्न उरतो. इमारतींच्या मोठ्या काचांवर धातूचा पातळ थर देणारी यंत्रेही अशीच. सव्वातीन मीटर रुंदीची काच चुंबकी कमानींच्या लांब बोगद्याखालून सरकते.

कायम चुंबक उष्णता सहन करीत नाहीत. १९८० च्या दशकात आलेले निओडिमियमचे चुंबक ताकदवान खरे, पण साधे प्रकार ८० अंश सेल्सियसच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतात, आणि फटींवर प्लाझ्मा नेमका त्यांच्याच तोंडावर येऊन पडतो. म्हणून पट्ट्यांमागून थंड पाणी खेळवावे लागते. एका पट्टीचे पाणी अडले तर ती दुबळी होते, त्या बाजूचा बांध खचतो आणि थराची जाडी तिकडे उतरती होते. पेटी उघडली की भिंतीवर चुंबकांच्या समोर एक रंगाचे आणि मधल्या जागेत दुसऱ्या रंगाचे असे पट्टे दिसतात. त्यांकडे पाहून बरेच काही कळते.

शेवटी, प्लाझ्मा सारखा झाला म्हणून थर सारखा होईलच असे नाही. वायू एका टोकाने सोडला आणि दुसऱ्या टोकाने ओढला, तर वाटेत तो वापरला जातो. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मुखाकडे पाणी भरपूर, शेपटाला कमी. यावर उपायही शेतातलाच आहे. पाट सोडून ठिबक करतात तसे, वायू एका तोंडाने न सोडता असंख्य बारीक भोकांच्या ताटातून पृष्ठभागावर सोडतात.

मग थर असमान आला तर दोष प्लाझ्माचा, वायूचा की ट्रेचा, हे कसे ओळखायचे? आम्ही आधी प्लाझ्मा मोजतो. सुईहून बारीक टंगस्टनची तार पेटीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकवत नेतो आणि जागोजागी तिच्यात किती प्रवाह येतो ते टिपतो. लँगम्युअर यांचीच ही पद्धत. तो आलेख सपाट असेल तर मग ट्रे ९० अंशांत फिरवून पुन्हा थर देतो. डाग ट्रेबरोबर फिरला तर ट्रे सारखा तापत नाही. डाग पेटीच्या त्याच बाजूला राहिला तर वायूचे तोंड बदलून पाहायचे. तोंडाबरोबर डाग सरकला तर चुंबकांना हात लावायचे कारण नाही. आणि डाग एकच नसून समांतर पट्टे असतील, त्यांच्यातले अंतर चुंबकपट्ट्यांमधल्या अंतराएवढे भरत असेल, तर ट्रे बांधाच्या फार जवळ गेला आहे. तो काही सेंटिमीटर आत घ्यायचा.